घरी न जाणारा चष्मा

मी चष्मा आहे आणि सध्या एका डब्यात बंद आहे. डब्याच्या झाकणावर लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'घरी नेऊ नये'. असं कुणाच्या डोक्यावर लिहिलेलं दिसलं, की यानं काहीतरी गुन्हा केला असणार असंच वाटतं. मलाही तसंच वाटतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी मुद्दाम काही केलेलं नाही. पण 'मुद्दाम नाही केलं' हे वाक्य किती लंगडं असतं, ते मी एका आईच्या तोंडून अगदी जवळून ऐकलेलं आहे.

मी मुळातच घाबरट. काचेची जात, दुसरं काय होणार? टेबलाची कड दिसली तरी मला खाली पडलेले माझे तुकडे दिसतात. त्यात मी जिला मिळालो तीही अशीच, काळजी हाच जिचा मुख्य उद्योग आहे. तिचा नवरा म्हणायचा, "तू काळजीचा कारखाना काढ, तीन पाळ्यांत चालेल." आम्ही दोघं एकमेकांना शोभून होतो.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक घासायचं चाक होतं. काच चाकाला टेकली की अंगावर काटा येईल असा आवाज व्हायचा. पण कारागीर आधी पाण्याची बारीक धार सोडायचा आणि मगच काच टेकवायचा. "कोरडं घासलं की धूळ उडते, आपल्याच नाकात जाते," असं तो कुणाला तरी सांगत होता. आयुष्यात मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. ते तेव्हाच नीट मनावर घेतलं असतं तर! पण मनावर घेऊन तरी मी काय करणार होतो? मला ना हात ना तोंड.

ती आली तेव्हा मी अजून नुसतीच फ्रेम होतो, तपकिरी, नाकावर टेकायला दोन मऊ बोंडं असलेली. तिनं मला तब्बल पाऊण तास घातलं, काढलं आणि पुन्हा घातलं.

"मला शोभतोय का? खरं सांगा हं. विकायचाय म्हणून नका सांगू."

दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो ताई, नंबर बसवल्याशिवाय तुम्हाला आरशात दिसतंय तरी कुठे?"

तिला खरंच दिसत नव्हतं. उणे साडेसहाचा नंबर! माझ्याशिवाय तिला माणूस आणि टांगलेला टॉवेल यांतला फरक कळत नसे. एकदा सकाळी तिनं दारामागच्या टॉवेलला "चहा टाकू का?" असं विचारलं होतं. नवरा ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायचा, आणि तीही प्रत्येक वेळी पाहुण्यांबरोबर हसायची.

तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण मात्र मी चुकवता चुकवता राहिलो. बाळंतपणाच्या खोलीत नेताना नर्सनं मला काढून खिडकीत ठेवलं. मी काचांवर पालथा पडून नुसते आवाज ऐकत होतो. मग एक नवाच, चिडका, कोवळा आवाज आला आणि पाठोपाठ तिची आरोळी, "चष्मा! आधी माझा चष्मा द्या!" कुणीतरी मला तिच्या नाकावर तिरकाच बसवला. समोर एक लालभडक, सुरकुतलेलं, रागावलेलं तोंड होतं. आम्ही दोघांनी ते एकदमच पाहिलं. तिनं आधी बोटं मोजली, हाताची आणि पायाची. मग पुन्हा मोजली. काळजीचा कारखाना सुरू झाला.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर ती कामावर परतली. ती गोळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात वजनखोलीत काम करते. औषधाची पावडर पिंपातून काढून, काट्यावर तोलून पुढे द्यायची. सगळे तिला तराजूताई म्हणतात.

त्या खोलीतली एक पावडर इतरांपेक्षा वेगळी होती. पांढरी, मैद्याहून बारीक, ना वास ना चव. स्टेरॉइडची. दोन पिशव्यांत बांधलेली, पिंपात ठेवलेली, पिंपावर घट्ट झाकण, आणि ते पिंप कुलपाच्या कपाटात, कोरड्या अंधाऱ्या जागी. खोलीचे प्रमुख एक वयस्क गृहस्थ होते. त्यांच्या हातात सदा ओलं फडकं असायचं, म्हणून सगळे त्यांना फडकेमास्तर म्हणत. त्यांचं खरं आडनाव बहुधा पगार देणाऱ्यालाच ठाऊक असावं.

ती परतली त्या दिवशी मास्तरांनी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. "हिच्यावर किती दमेकऱ्यांचा जीव तगलाय, ताई. पण केवढ्याशानं? पोस्टाच्या तिकिटावर मावेल तेवढ्यानं. आपण इथे बसतो किलोच्या पुढ्यात. रोज चिमूट चिमूट अंगात गेली, तर शरीर आपलं स्वतःचं औषध बनवायचं सोडून देतं. घरजावयासारखं. आयतं मिळतंय म्हटल्यावर हातपाय कोण हलवणार?"

"आणि मग?"

"मग तोंड फुगतं, वजन वाढतं, अंगातली ताकद जाते. आणि खरं संकट आलं की शरीर ऐनवेळी हात वर करतं."

ती इतकी घाबरली की मी नाकावरून घसरलोच.

नियमांचा कागद भिंतीवर होता. झगा, टोपी, दोन-दोन हातमोजे, तोंडावर घट्ट मास्क, बुटांवर पिशव्या. हवा वरून खाली ओढणाऱ्या पेटीतच पिशवी उघडायची. सांडलं तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं. बाहेर पडताना सगळं काढून ठेवायचं आणि हात धुवायचे. ती हे सगळं करायची. एकदा नाही, तीनदा करायची. हातमोजे काढल्यावर कोपरापर्यंत हात धुवायची, मग शंका आली म्हणून पुन्हा धुवायची. घरी आली की दारातून थेट न्हाणीघरात. कपडे वेगळ्या बादलीत, डोक्यावरून पाणी, आणि मगच मुलीला हात.

सासूबाई म्हणायच्या, "अगं, हातांची सालं निघतील! आम्ही शेणामातीचे हात झटकून पोरं घेतली कडेवर, ती काय मेली?"

"आई, ती माती होती. ही पावडर आहे."

"बरं बाई, धू. साबणवाल्याचं तरी भलं होईल."

एवढं सगळं व्हायचं आणि या सगळ्या वेळात मी तिच्या नाकावर असायचो.

सांगताना माझी काच आतून गार पडते, पण सांगतो. मला डोळ्यांवरून काढणं तिला शक्यच नव्हतं. काट्यावरचे आकडे कोण वाचणार? डोळ्यांवर घालायला एक मोठा गॉगल होता. तो माझ्यावर बसवला की दोन मिनिटांत वाफ धरायचा, म्हणून ती तो कपाळावर सरकवून ठेवायची. मास्कच्या आत घाम यायचा. घामानं मी घसरायचो. मी घसरलो की ती काय करायची? चष्मा लावणारा प्रत्येक माणूस करतो तेच. बोटाच्या एका टोकानं मला वर ढकलायची. हातमोज्याच्या बोटानं. पावडरीत बुडवलेला चमचा ज्या हातात, त्याच हाताच्या बोटानं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा. पापणी मिटतो ते कुणाच्या लक्षात असतं?

पावडर माझ्या बोंडांच्या कडेला बसली. बिजागरीच्या स्क्रूभोवती बसली. ती मैद्यासारखी शांत होती, ना दिसायची ना टोचायची. आणि संध्याकाळी माझी स्वारी घरी निघायची. तिचा झगा, टोपी, बूट सगळं कारखान्यात. मी तेवढा मोकळा.

घरी तिचं अंग धुवून व्हायचं, पण न्हाणीघरात जाताना ती मला बाहेरच्या फळीवर ठेवायची. पाण्यानं काचा डागाळतात ना! बाहेर आली की ओल्या हातानं मला उचलायची आणि हाताला येईल त्यानं पुसायची. बहुतेक वेळा हाताला यायचं मुलीचं दुपटं.

मग ती मुलीला घ्यायची, आणि मुलगी मला घ्यायची. खोलीभर खुळखुळे, रबरी बदक, कापडी ससा पडलेला असायचा. तिला हवा असायचो मी. मूठ मारून ती मला नाकावरून ओढायची आणि माझ्या काडीचं टोक थेट तोंडात घालायची. दात येत होते तिला. ती मन लावून चावायची, लाळेनं मला बिजागरीपर्यंत भिजवायची.

"सोड गं राणी, आईला दिसत नाही!" म्हणत ती हसायची. तिला खरंच दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मला ओरडायचं होतं. मी नुसता चमकलो. चष्म्याला तेवढंच येतं.

दोन महिने असे गेले. मुलीचे गाल वर येऊ लागले. आधी छान दिसायचे, मग आणखी छान, मग मला बघवेनात. सासूबाई तिला गब्दुली म्हणू लागल्या. "माझ्या हातचं मानवलंय," असं सगळ्यांना ऐकवू लागल्या. शेजारच्या काकू येऊन गाल ओढून जायच्या. "आणि तूही छान भरलीस गं. बाळंतपण मानवलं!"

तिचंही तोंड गोल झालं होतं. गालांवर लाली होती. माझ्या काड्या आता तिच्या कानशिलांत रुतायच्या. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि आपण म्हातारे झालो की काय, असं स्वतःलाच विचारायची.

बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुढे केला. वजनाची रेघ उड्या मारत वर चालली होती. लांबीची रेघ आडवी झोपली होती. "एखाद्या महिन्यावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बघू."

पण तिनं ती आडवी रेघ पाहिली होती, माझ्यातूनच. त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या कामामुळे तर नसेल?"

"तू तर अंघोळ करून करून विरघळायची राहिलीस. कुठून जाणार?"

"तेच कळत नाही रे. मी सगळं करते. कागदावरचं सगळं करते. का मी नुसतीच वेडी आहे?"

"वेडी आहेस, पण नुसतीच नाहीस," तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातल्या त्या कागदापुढे उभी राहिली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. झगा, काढते. टोपी, काढते. मोजे, मास्क, बूट. ओळी संपल्या. माझं नाव त्यात नव्हतं. तिचं बोट कागदाच्या खालच्या कडेवर थांबलं आणि मी तिच्या नाकावर बसून, अगदी दोन इंचांवरून, तिच्याबरोबर तो कागद वाचत होतो. याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात कारखान्यातल्या सगळ्यांची रक्ततपासणी झाली. तिच्या सकाळच्या रक्तात, शरीर स्वतः बनवतं त्या औषधाचा आकडा फार खाली आला. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि फडकं बाजूला ठेवलं. त्यांना फडक्यावाचून मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई, ही पावडर तुमच्यात जातेय. कुठून, ते आज शोधायचं."

मास्तरांची एक जुनी रीत होती. ओलं फडकं साफसफाईला, आणि चोर पकडायला काळं कापड. पांढरं काही असलं तर काळ्यावर लपत नाही. त्यांनी दिव्याखाली एकेक वस्तू काळ्या कापडानं टिपायला सुरुवात केली. मास्कची आतली कड स्वच्छ. मनगट स्वच्छ. कपाटाची कडी स्वच्छ. बूट स्वच्छ. तिच्या तोंडावर जरा सुटका दिसू लागली. मला मात्र माहीत होतं. खून करून गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसासारखा मी तिच्या नाकावर उभा होतो.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्याच वेळी मी घसरलो, आणि तिनं बोटानं मला वर ढकललं.

"हे काय केलंत आत्ता?"

"काय केलं?"

"चष्मा काढा."

"मास्तर, मला मग काही दिसत नाही."

"काढा."

त्यांनी कापडाचं टोक माझ्या बिजागरीत फिरवलं, मग बोंडाभोवती. दिव्याखाली धरलं. काळ्यावर एक पांढरी रेघ उठली होती, नखाच्या चंद्राएवढी.

"दिसलं?"

"नाही. मला नुसतं काळं दिसतंय."

"मग घाला चष्मा आणि बघा," म्हणत त्यांनी मला तिच्यापुढे धरलं.

तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मला घातल्याशिवाय तिला ते दिसणार नव्हतं, आणि आता मला घालायला ती धजत नव्हती.  मग ती अगदी बारीक आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखी म्हणाली,

"ती हा चावते, मास्तर. रोज चावते."

मास्तर खाली बसले. "कागद मी लिहिला होता," ते म्हणाले. "मला चष्मा नाही ना. मला सुचलंच नाही."

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. मला साबणाच्या पाण्यात बुडवलं, ओल्या फडक्यानं बिजागऱ्या पुसल्या, ते फडकंही वेगळ्या पिशवीत बांधून टाकलं, आणि मला या डब्यात घालून लाल पट्टी लावली. माझी जागा त्याच कुलपाच्या कपाटाशेजारी, कोरड्या अंधारात. पावडरीचा आणि माझा आता एकच कायदा.

त्या दिवशी तिनं नवऱ्याला बोलावलं आणि त्याचा हात धरून, घरातला जुना, ओरखडे पडलेला चष्मा शोधायला गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही. शेजारच्या, कपडे बदलायच्या खोलीत माणसं बोलतात तेवढं झाकणातून ऐकलं. मुलीचं रक्त घेतलं. उत्तर यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी डब्यात कसे काढले ते विचारू नका. ताप आला तर? शरीरानं ऐनवेळी हात वर केले तर? मास्तरांचे शब्द मीच मला अंधारात ऐकवत होतो.

चौथ्या दिवशी तिचा आवाज आला. ती दारातूनच मास्तरांना सांगत होती. आकडा खालच्या काठावर आहे, पण काठाच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्म्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, काही बाळं मुळातच गुटगुटीत असतात. पण ताप, उलट्या, मरगळ, काहीही दिसलं तर ताबडतोब आणायचं, आणि ही पावडरीची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायची. दर महिन्याला तपासू.

"आणि तुमचं?" मास्तरांनी विचारलं.

"मला उपचार सुरू केलेत. माझं काय, मी मोठी आहे."

तिला तीन महिने पावडरीपासून लांब, लेबलांच्या टेबलावर बसवलं. त्यातल्या पहिल्याच महिन्यात एक दिवस मुलीला साधी सर्दी झाली, तर ती काम टाकून घरी पळाली. पुढचे दोन दिवस लेबलांच्या टेबलावर तिची खुर्ची रिकामी होती म्हणे. नुसती सर्दीच होती. पण तिसऱ्या दिवशी परतल्यावर तिनं कपडे बदलायच्या खोलीत नाक शिंकरलं, आणि रडणं आणि शिंकरणं यांतला फरक मला डब्यातूनही कळतो.

दरम्यान मास्तरांनी भिंतीवरचा कागद उतरवला आणि नवा लावला. चष्म्याची ओळ त्यात सगळ्यात वर आहे म्हणे. चष्मा लावणाऱ्यांनी कामाचा वेगळा, घरचा वेगळा ठेवायचा. डोकं, डोळे, तोंड सगळं झाकणारं आणि आत स्वच्छ हवा सोडणारं आख्खं आवरणही त्यांनी भांडून मागवलं. मास्तर त्याला टोपरं म्हणतात.

आज सकाळी माझं झाकण उघडलं. उजेड आला आणि वर तिचं तोंड. गाल उतरले होते, पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा होते तसे. नाकावर नवा चष्मा होता, निळा. तो रंग मला शोभला नसता, तिला शोभतो.

"या महिन्याचा रिपोर्ट काय म्हणतो?" मास्तर मागून म्हणाले.

"आकडा वर आलाय, माझाही आणि तिचाही. आणि लांबी दीड सेंटीमीटर वाढली. दीड! अजून एकदा बघणारेत, पण…" तिनं वाक्य सोडून दिलं. आनंदाचं वाक्य पुरं करायची तिला भीती वाटते. मलाही वाटते.

तिनं आत जायच्या आधी निळा चष्मा उतरवून स्वच्छ कपाटात ठेवला आणि चाचपडत मला उचललं. हातमोजे अजून घातलेले नव्हते. तिचं बोट माझ्या काडीच्या टोकावर थांबलं. तिथे दोन बारीक खळगे आहेत.

"मास्तर, हे तिचे पहिले दोन दात आहेत."

"नवी काडी बसवून देऊ का?"

"नको." मग खळग्यांवरून बोट फिरवत, "पण पुसा हं. रोज पुसा. मी विसरले तरी तुम्ही पुसा."

पुसा, मीही तेच म्हणतो. कोरडं नको, ओल्या फडक्यानं, बिजागरीत शिरून पुसा. ते दोन खळगे पुसून जायचे नाहीत. आणि तुम्हीही, जे असल्या कशाच्या पुढ्यात बसून पोट भरता, घरी निघताना झगा, टोपी, बूट काढाल तेव्हा एवढंच करा. जे काढलं की आपल्याला काही दिसेनासं होतं, ते आधी धुवा.

टोपरं चढवण्याआधी मी जरासा घसरलो. तिचा हात वर आला, माझ्यापासून चार बोटांवर येऊन थांबला, आणि खाली गेला. तिनं मान मागे टाकली, मी आपसूक जागेवर बसलो.

संध्याकाळी पुन्हा डबा, पुन्हा लाल पट्टी. ती निळा चष्मा लावून घरी जाईल. मुलगी धावत नाही अजून, पण रांगत दाराशी येते म्हणे. ती त्याची काडी चावते का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. चावत असेल. चावू दे.